दाबून ठेवलेला कागद

‘कोर्टाने शिक्षा दिली ना, मग केलंच असणार!’ असं आपण किती सहज बोलून जातो. पण सरकारी पक्षानेच महत्त्वाचा कागद दाबून ठेवला असेल तर?

गोष्ट नाशिकची आहे. जून २००३ मध्ये शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला. घरातली बाई जबर जखमी झाली, पण वाचली. या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं गेलं. २००६ मध्ये नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली; पण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सगळ्यांना फाशीच दिली.

२०१८ मध्ये त्याच कोर्टाने आपला निकाल मागे घेऊन अपील नव्याने ऐकलं. तेव्हा काय समोर आलं? घटनेनंतर पोलिसांनी त्या बाईला गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि तिने त्यातले चौघे ओळखले होते. हे चौघे वेगळेच होते, पकडलेल्या सहांपैकी त्यात कुणीच नव्हतं! तरीही त्या चौघांचा तपास झाला नाही आणि ही गोष्ट खटल्यात दडवली गेली. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला मिळाला. पण तुरुंगात गेलेली सोळा वर्षं कोण परत देणार? आणि त्या बाईचं काय? तिचं घर उद्ध्वस्त करणारे खरे गुन्हेगार तर मोकळेच राहिले. म्हणजे अन्याय तिच्यावरही झालाच.

म्हणूनच सरकारी वकिलाचं काम कसंही करून शिक्षा मिळवणं हे नाही, तर आरोपीच्या बाजूचं असलं तरी सत्य कोर्टापुढे ठेवणं हे आहे. पोलिसांनी जमा केलेल्या, पण खटल्यात न वापरलेल्या कागदांची यादीही आरोपीला मिळायला हवी, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

मैत्रिणींनो, अशी वेळ कुणाच्याच घरावर न येवो. पण आलीच, तर हातपाय गाळून बसू नका. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते, ती लगेच घ्या. अपिलाची मुदत मोजकी असते. फाशीविरुद्ध ३० दिवस, इतर शिक्षांविरुद्ध हायकोर्टात ६० दिवस आणि सेशन्स कोर्टात ३० दिवस. उशीर झालाच, तर सबळ कारण देऊन माफी मागता येते. वकिलाची फी परवडत नाही? तुरुंगातल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. आणि वकिलाला एक प्रश्न जरूर विचारा, ‘पोलिसांकडचे सगळे कागद आपल्याला मिळालेत का?’