मांडवीवरील द्यूतनौका आणि आपण

पणजीच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून सायंकाळी चालत जाणाऱ्याला मांडवी नदी आता अखंड दिसत नाही. पात्रात नांगरलेल्या बहुमजली नौकांवर दिवे लागतात, त्यांच्या नावांची प्रचंड अक्षरे रंग बदलू लागतात आणि पलीकडचा बेतीचा काठ त्या झगमगाटामागे लपून जातो. धक्क्यावर पाहुण्यांची रीघ लागलेली असते. छोट्या होड्या त्यांना घेऊन मुख्य नौकेकडे जातात आणि पहाटेपर्यंत ही ये-जा चालू राहते. या नौकांवर गाणे आहे, नृत्य आहे, पंचपक्वान्नांचे भोजन आहे आणि मद्यही आहे. प्रवेशमूल्यातच यांतील बहुतेक गोष्टींची किंमत धरलेली असते. परंतु हा सारा थाट ज्यासाठी मांडलेला असतो ती वस्तू निराळी आहे. ती म्हणजे जुगाराचा पट.

नदीवरील करमणुकीला नाक मुरडण्याचे कारण नाही. गोव्याला तर ती परंपरेनेच लाभलेली आहे. २९ जूनला, संत पीटरच्या सणाला, बार्देशातील मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून त्यांवर तरंगते रंगपीठ उभारतात. या सांगोडावर गाणी होतात, नाटुकली होतात आणि काठावरचे गाव ती पाहते. मांडवीतही संध्याकाळच्या फेरीत देखणी आणि फुगडी पाहत प्रवासी विनातक्रार रमतात. तेव्हा रात्री पाण्यावर जाऊन चार घटका मौज करावी की न करावी, हा वादाचा मुद्दाच नव्हे. मौजेच्या नावाखाली नदीचे पात्र कोणाच्या स्वाधीन झाले आणि ते कोणत्या न्यायाने, हा खरा प्रश्न आहे.

‘किनाऱ्यापासून दूर’ म्हणजे किती दूर?

गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम १९७६ चा. त्याचा हेतू जुगाराला आळा घालण्याचा होता. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाणी टाकून खेळावयाच्या यंत्रांना वाट मिळाली. १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि ‘ऑफशोअर’ म्हणजे किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर पटावरचे खेळ खेळण्यास परवानगी देता येऊ लागली. सामान्य वाचक या शब्दाचा अर्थ समुद्र असाच करील. प्रत्यक्षात २००१ च्या सुमारास पहिली द्यूतनौका आली ती मांडवीत, आणि मागाहून आलेल्या नौकाही राजधानीच्या उंबऱ्याशीच स्थिरावल्या. आज अशा अर्धा डझन नौका तेथे आहेत. बांदोडकर मार्गावरून ज्यांची अक्षरे चष्म्यावाचूनही वाचता येतात, त्यांना किनाऱ्यापासून दूर म्हणण्यास मोठेच भाषाप्रभुत्व हवे!

या नौका मांडवीतून हलविण्याची आश्वासने अनेकदा दिली गेली. मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते असताना या नौकांविरुद्ध आंदोलनात उतरले होते. २०१२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, पण नौका तेथेच राहिल्या. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या सरकारांची कथाही याहून वेगळी नाही. पर्यायी जागा सापडेपर्यंत, असे म्हणत सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ देण्याचा पायंडा पडला आणि तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. जुलै २०१७ मध्ये मांडवीत आणली जात असलेली एक द्यूतनौका खवळलेल्या समुद्रात भरकटून मिरामारच्या वाळूत रुतली आणि कित्येक आठवडे तेथेच अडकून पडली. नदीमुखाशी पावसाळ्यात काय घडू शकते याचा तो पाठ होता. तोही लवकरच विस्मरणात गेला.

पटावरचे गणित

या नौकांवर लबाडी चालते, असा आरोप करण्याची गरज नाही. तेथील खेळ नियमानुसार खेळले गेले तरी पुरे, कारण नियमांतच मालकाचा नफा आहे. रूलेटचे उदाहरण घ्यावे. एका शून्याच्या चक्रावर ३७ घरे असतात. एका आकड्यावर पैसे लावून तो आला तर ३५ पट मिळतात आणि लावलेली रक्कम परत येते. शंभर रुपये एकाच आकड्यावर ३७ वेळा लावले तर ३,७०० रुपये खर्च होतात. न्यायाने तो आकडा एकदा येईल आणि हाती ३,६०० रुपये पडतील. उरलेले शंभर रुपये मालकाचे. हे प्रमाण २.७ टक्के भरते, आणि चक्रावर दुसरे शून्य असेल तर ते सव्वापाच टक्क्यांपलीकडे जाते. आकडा लहान वाटतो, पण तो प्रत्येक डावाला लागतो. पाचशे रुपयांचे दोनशे डाव खेळणारा मनुष्य एका रात्रीत लाखाची उलाढाल करतो, आणि सरासरीने पाहता त्याचे २,७०० रुपये जातात. एखादा जिंकून घरी जातो हे खरे. तथापि त्याचे जिंकणे शेजाऱ्याच्या हरण्यातून आलेले असते, मालकाच्या तिजोरीतून नव्हे. त्यात नोटांऐवजी हाती रंगीत चकत्या दिल्या जातात. चकती सरकवताना महिन्याचा पगार आठवत नाही.

घरच्यांना वर्ज्य, पाहुण्यांना खुले

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील रहिवाशांना या जुगाराच्या दालनांत खेळण्यासाठी प्रवेश बंद करण्यात आला. गोव्याचा तरुण तेथे पत्ते वाटू शकतो, भोजन वाढू शकतो, सामान वाहू शकतो, पण त्याने खेळावयाचे नाही. हा नियम करताना शासनाच्या मनात जी काळजी होती ती योग्यच होती. जुगाराने संसार धुळीस मिळतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे. मग जे घरच्यांना विषवत, ते पाहुण्यांना अमृत कसे ठरते? कायद्यानेच येथे स्वतःविरुद्ध साक्ष दिली आहे.

याचे उत्तर महसुलात आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्याच्या खाणी बंद पडल्या, लोहखनिज वाहणारे पडाव थांबले आणि शासनाला इतर उत्पन्नाची ओढ अधिकच वाटू लागली. नौकांवर रोजगार आहे हेही नाकारता येत नाही. वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. कर वाढवणे म्हणजे व्यसनाला आळा घालणे, अशी समजूत करून घेणे सोपे आहे. परंतु ज्याचा वाटा डावागणिक वाढतो तो डाव मोडण्यास सहसा पुढे येत नाही. चकतीची सवय खेळणाऱ्याआधी खजिन्यालाच लागते.

महाराष्ट्राचा वाटा

येथवर वाचून महाराष्ट्रातील वाचकाने हात झटकू नयेत. गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला त्याच १९७६ साली महाराष्ट्रानेही एक कायदा केला होता, आणि तो कॅसिनोंना परवाना देऊन त्यांवर कर बसविण्याचा! तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. म्हणजे ज्याने बंदी घातली त्याच्या नदीत नौका आल्या, आणि ज्याने कागदावर मुभा दिली त्याने दार लावून घेतले. महाराष्ट्राचा हा निर्णय स्वागतार्ह होता. मात्र मांडवीच्या धक्क्यावरील रांगेत मुंबई, पुणे, कोल्हापूरची माणसे उभी असतातच. आपल्या दारी नको, शेजाऱ्याच्या अंगणात चालेल, अशी ही नीती आहे. गोवा म्हणतो, आमची माणसे नकोत, तुमची चालतील. आपण म्हणतो, आमची भूमी नको, तुमची चालेल. या दोन सोयीस्कर शुचितांचा संगम मांडवीच्या पात्रात झाला आहे.

उपाय अवघड आहेत, पण अज्ञात नाहीत. मुदतवाढीचा खेळ संपवून एक शेवटची तारीख ठरवावी. ज्यांना समुद्रावरचा परवाना आहे त्यांनी समुद्रावर जावे. तेथे धंदा परवडत नसेल तर तो नदीच्या उसन्या जागेवर चालला होता हे उघड होईल. नौकांवर राबणाऱ्यांसाठी अन्य रोजगाराची योजना आधी व्हावी. आणि आपण, जे सुटीत गोव्याला जातो, त्यांनी मांडवीच्या काठी उभे राहून एवढे तरी स्वतःला विचारावे, की यजमान स्वतःच्या मुलाला ज्या दारातून आत सोडत नाही, त्या दारातून आपण कोणत्या मानाने आत जात आहोत?

द्यूतसभेच्या कथेत फासे टाकणाऱ्यांइतकेच दोषी ठरले ते गप्प बसलेले सभासद. मांडवीवरील सभेत आपले आसन कोठे आहे, हे आपण ठरवायचे आहे.