युद्धाचे समर्थन आणि शासनाचा प्रामाणिकपणा : इराक युद्धाच्या (२००३) संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

लोकशाही राज्यपद्धतीत युद्ध सुरू करण्याचा निर्णय हा शासनाचा सर्वांत गंभीर निर्णय मानला जातो. कररचनेतील चूक पुढील अर्थसंकल्पात दुरुस्त करता येते. युद्धात गेलेले प्राण परत आणता येत नाहीत. त्यामुळे युद्धाचे जे कारण शासन जनतेला सांगते, ते प्रामाणिकपणे सांगितले गेले होते काय, हा प्रश्न युद्ध संपल्यानंतरही महत्त्वाचा राहतो. २० मार्च २००३ रोजी अमेरिका व ब्रिटन यांच्या नेतृत्वाखाली इराकवर आक्रमण करण्यात आले. इराककडे सर्वसंहारक शस्त्रास्त्रे, म्हणजे रासायनिक व जैविक अस्त्रे, असून तो देश अण्वस्त्रनिर्मितीच्या मार्गावर आहे, हे या युद्धाचे मुख्य समर्थन होते. पुढे अशा शस्त्रास्त्रांचे साठे सापडले नाहीत. "राज्यकर्ते खोटे बोलले" आणि "राज्यकर्त्यांची चूक झाली" अशा दोन टोकांच्या भूमिकांमध्ये या विषयावरील चर्चा प्रदीर्घ काळ अडकून पडली. या दोन टोकांच्या मधल्या भागात नेमके काय घडले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. युद्धाच्या समर्थनाचा प्रामाणिकपणा तपासण्याचे निकष स्पष्ट करणे.
२. इराकविषयीचे प्रमुख दावे व उपलब्ध पुरावे यांची तुलना करणे.
३. शासनाच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादांचा परामर्श घेणे.

प्रामाणिकपणाचे निकष :

एखादे विधान असत्य ठरले म्हणून ते करणारा अप्रामाणिक ठरत नाही. चूक आणि खोटेपणा यांत भेद आहे. परंतु केवळ जाणूनबुजून उच्चारलेले असत्य म्हणजेच अप्रामाणिकपणा, ही व्याख्याही अपुरी आहे. महाभारतातील द्रोणवधाच्या प्रसंगी अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, त्यामुळे युधिष्ठिराचे वाक्य शब्दशः असत्य नव्हते. तरीही हत्तीचा उल्लेख द्रोणांच्या कानी पोहोचला नाही आणि जो परिणाम साधायचा होता तो साधला गेला. सत्याचा जो अंश ऐकणाऱ्याचा निर्णय बदलू शकला असता, तोच अंश ऐकू न येण्याची व्यवस्था होणे, हाही अप्रामाणिकपणाच होय.

या दृष्टीने चार निकष मांडता येतात. पहिला, विधान असत्य आहे हे विधान करणाऱ्यास ठाऊक होते काय? दुसरा, उपलब्ध माहितीतील अनिश्चितता जनतेसमोर ठेवली गेली काय? तिसरा, विरोधी पुरावा पुढे आल्यावर मूळ मताचा फेरविचार झाला काय? चौथा, सांगितलेले कारण हेच निर्णयामागील खरे कारण होते काय?

पार्श्वभूमी :

१९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकने आपली सर्वसंहारक शस्त्रास्त्रे नष्ट करावीत, असे बंधन सुरक्षा परिषदेने घातले. डिसेंबर १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक इराकबाहेर पडले आणि त्यानंतर चार वर्षे प्रत्यक्ष तपासणी झाली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेच्या धोरणात इराकचा प्रश्न अग्रस्थानी आला. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष जॉर्ज बुश यांना बळाच्या वापराचा अधिकार दिला. प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ असे मतदान झाले. ८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १४४१ एकमताने संमत केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निरीक्षक पुन्हा इराकमध्ये दाखल झाले.

दावे आणि त्यांमागील पुरावे :

ब्रिटिश शासनाने २४ सप्टेंबर २००२ रोजी इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक रासायनिक व जैविक अस्त्रे वापरू शकतो, असे त्यात म्हटले होते. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी प्रस्तावनेत, इराकने अशा अस्त्रांचे उत्पादन सुरू ठेवल्याचे निःसंशय सिद्ध झाले आहे, अशा आशयाची ग्वाही दिली. वास्तविक मार्च २००२ मध्ये ब्रिटनच्याच संयुक्त गुप्तवार्ता समितीने इराकविषयीची माहिती तुरळक व तुटक असल्याचे नमूद केले होते. ४५ मिनिटांचा दावाही रणभूमीवर वापरावयाच्या अल्प पल्ल्याच्या अस्त्रांसंबंधीचा होता. दस्तऐवजात मात्र हा खुलासा नव्हता. परिणामी सर्वसामान्य वाचकाचा समज दूरच्या लक्ष्यांवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांचा झाला.

अमेरिकेतही असेच घडले. ऑक्टोबर २००२ मध्ये तेथील गुप्तचर संस्थांनी तयार केलेल्या गोपनीय अहवालात "आमच्या मते" अशा स्वरूपाची मर्यादादर्शक शब्दयोजना होती. इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याच्या निष्कर्षाशी परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने असहमती नोंदविली होती. इराकने मागविलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी नसून साध्या रॉकेटांसाठी असाव्यात, असे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचे मत होते. जनतेसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीतून मर्यादादर्शक शब्द गळाले. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने २००४ च्या अहवालात या वगळण्यावर टीका केली.

२८ जानेवारी २००३ च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी ब्रिटिश शासनाचा हवाला देऊन, इराकने आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळविण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले. याच आशयाचे वाक्य ऑक्टोबर २००२ मधील सिनसिनाटी येथील भाषणातून सी.आय.ए.च्या सूचनेवरून वगळण्यात आले होते. या संदर्भातील नायजर देशाची कागदपत्रे बनावट असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे महासंचालक मोहम्मद अल् बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेत स्पष्ट केले. ब्रिटनच्या बटलर समितीने २००४ मध्ये मूळ ब्रिटिश विधान अन्य माहितीवर आधारलेले व साधार होते असे मत दिले, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे. तथापि ते वाक्य भाषणात असावयास नको होते, हे व्हाइट हाउसनेच जुलै २००३ मध्ये मान्य केले.

५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडील फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे वर्णन केले. हे वर्णन मुख्यतः "कर्व्हबॉल" या सांकेतिक नावाच्या इराकी निर्वासिताने जर्मन गुप्तचर संस्थेला दिलेल्या माहितीवर आधारलेले होते. ही माहिती आपण रचली होती, अशी कबुली त्याने २०११ मध्ये दिली. स्वतः पॉवेल यांनी २००५ मध्ये ते भाषण आपल्या कारकिर्दीवरील डाग असल्याचे मान्य केले.

प्रत्यक्ष तपासणी : निर्णायक कसोटी :

तिसऱ्या निकषाच्या दृष्टीने नोव्हेंबर २००२ ते मार्च २००३ हा कालखंड सर्वांत महत्त्वाचा आहे. तोपर्यंतचे अंदाज दूरवरून मिळालेल्या माहितीवर बांधलेले होते. आता प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणे शक्य झाले. १४ फेब्रुवारी २००३ पर्यंत निरीक्षकांनी ३०० हून अधिक ठिकाणी ४०० हून अधिक तपासण्या केल्या. त्यांना शस्त्रास्त्रांचे साठे आढळले नाहीत. १५० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी अल् समूद-२ क्षेपणास्त्रे मात्र आढळली आणि ती निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट करण्यास १ मार्चपासून प्रारंभ झाला. उर्वरित कामास वर्षे किंवा आठवडे नव्हे, तर काही महिने लागतील, असे मुख्य निरीक्षक हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्च रोजी सांगितले. अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा नाही, असे अल् बरादेई यांनी त्याच दिवशी कळविले.

पुरावा नसणे म्हणजे शस्त्रे नसणे नव्हे, हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या योग्य आहे. परंतु जेथे शस्त्रे असावीत असे सांगितले गेले तेथे ती वारंवार सापडत नाहीत, तेव्हा किमान निश्चिततेची पातळी खाली यावयास हवी होती. ती आली नाही. शस्त्रे न सापडणे हा इराकच्या लपवाछपवीचाच पुरावा मानला गेला. शस्त्रे सापडली तर इराक दोषी आणि न सापडली तरीही दोषी, अशी मांडणी झाल्यावर तपासणीला अर्थ उरत नाही.

शासनाच्या बाजूचे युक्तिवाद :

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने इराणविरुद्धच्या युद्धात आणि १९८८ मध्ये हलब्जा येथील कुर्द नागरिकांवर रासायनिक अस्त्रे वापरली होती. १९९५ पर्यंत इराकने आपल्या जैविक कार्यक्रमाची व्याप्ती निरीक्षकांपासून दडविली होती. युद्धाला विरोध करणाऱ्या काही देशांच्या गुप्तचर संस्थांनाही इराककडे काही शस्त्रे असावीत असे वाटत होते. इराणला धाक राहावा म्हणून सद्दाम यांनी स्वतःच संदिग्धता जोपासली, हेही पुढे उघड झाले. त्यामुळे राज्यकर्त्यांचा शस्त्रांच्या अस्तित्वावर मनापासून विश्वास होता, हे म्हणणे सहज फेटाळता येत नाही.

परंतु "आम्हास तसे वाटते" आणि "तसे सिद्ध झाले आहे" ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले विधान ऐकणारा नागरिक तपासणीस आणखी काही महिने द्यावेत असे म्हणू शकतो. दुसरे विधान ऐकणाऱ्यास तसे म्हणण्यास जागा उरत नाही. विश्वास प्रामाणिक असूनही त्याची मांडणी अप्रामाणिक असू शकते.

चौथ्या निकषाबाबत ब्रिटनमधील २३ जुलै २००२ च्या बैठकीचे टिपण उद्बोधक आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टिपणानुसार अमेरिकेत गुप्तवार्ता धोरणाभोवती जुळविली जात असल्याचा अभिप्राय ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांनी दिला होता. केवळ सत्तापालटाची इच्छा हा युद्धाचा वैध आधार होऊ शकत नाही, असेही ॲटर्नी जनरल यांनी त्या बैठकीत सांगितले होते. कायद्याला मान्य होईल असे कारण शस्त्रास्त्रांचेच होते आणि म्हणून समर्थनाचा सारा भार त्याच एका कारणावर पडला. शस्त्रास्त्रे न सापडल्यावर लोकशाहीची स्थापना व जुलमी राजवटीचा अंत या कारणांवर भर देण्यात येऊ लागला.

चौकशी समित्यांचे निष्कर्ष :

शस्त्रांच्या शोधासाठी नेमलेल्या इराक सर्व्हे ग्रुपने २००४ च्या अहवालात साठे अस्तित्वात नव्हते, असा निष्कर्ष काढला. अमेरिकेतील सिल्बरमन-रॉब आयोगाने २००५ मध्ये गुप्तचर संस्थांचे निष्कर्ष राजकीय दडपणाने बदलल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले. परंतु राज्यकर्त्यांनी त्या माहितीचा वापर कसा केला, हा प्रश्न त्या आयोगाच्या कार्यकक्षेतच नव्हता. सिनेट समितीच्या बहुमताने २००८ मध्ये दिलेला अहवाल या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. शस्त्रांविषयीच्या अनेक विधानांना गुप्तवार्तेचा आधार होता, मात्र त्यातील अनिश्चितता सांगितली गेली नाही. इराक व अल् कायदा यांच्या भागीदारीच्या सूचनांना तर तसा आधारही नव्हता, असे त्यात नमूद आहे. या अहवालाशी समितीतील बहुतेक रिपब्लिकन सदस्य सहमत नव्हते.

ब्रिटनमधील चिलकॉट समितीचा बारा खंडांचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. शांततामय पर्याय संपण्यापूर्वीच युद्धाचा मार्ग स्वीकारला गेला आणि धोक्याविषयीचे अंदाज असमर्थनीय अशा निश्चिततेने मांडले गेले, असे त्यात म्हटले आहे. ब्लेअर यांनी जाणूनबुजून असत्य सांगितले, असा निष्कर्ष मात्र समितीने काढला नाही. ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ रोजीच बुश यांना, काहीही झाले तरी आपण सोबत राहू, अशा आशयाचे आश्वासन दिले होते, हेही या अहवालामुळे जगासमोर आले.

भारतीय संसदेतील पडसाद :

युद्धाविषयीच्या शब्दांची निवड भारतातही वादाचा विषय ठरली. मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष असताना ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने या युद्धासंबंधी ठराव संमत केला. विरोधी पक्षांना कठोर शब्द हवा होता, तर शासनास अमेरिकेशी असलेले संबंध सांभाळावयाचे होते. अखेर हिंदी मसुद्यात "निंदा" आणि इंग्रजीत "डिप्लोअर" हा तुलनेने सौम्य शब्द वापरला गेला. एकाच ठरावातून दोन श्रोत्यांना दोन तीव्रतांचे अर्थ मिळाले. पुढे १४ जुलै २००३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशाविना इराकमध्ये सैन्य न पाठविण्याचा निर्णय वाजपेयी शासनाने घेतला.

निष्कर्ष :

१. शस्त्रास्त्रांविषयीचे सर्व दावे जाणूनबुजून रचलेले असत्य होते, असे उपलब्ध पुराव्यांवरून म्हणता येत नाही.
२. माहितीतील शंका, मर्यादा व मतभेद वगळून अंदाजाला सिद्ध वस्तुस्थितीचे रूप देण्यात आले. दुसऱ्या निकषावर हे समर्थन अप्रामाणिक ठरते.
३. प्रत्यक्ष तपासणीतून आलेला विरोधी पुरावा विचारात घेतला गेला नाही. तिसऱ्या निकषावरील हे अपयश सर्वांत गंभीर आहे, कारण युद्ध टाळणे त्या वेळी शक्य होते.
४. सत्तापालटाचा हेतू व जाहीर केलेले कारण यांत अंतर होते. सांगण्यासाठी वैध कारणाची निवड करण्यात आली.

समारोप :

गुप्तवार्तेची सत्यता नागरिक स्वतः पडताळू शकत नाही. तो केवळ शासनाच्या शब्दावर विश्वास ठेवू शकतो आणि त्या विश्वासावरच आपली संमती देतो. चिलकॉट समितीच्या म्हणण्यानुसार या युद्धात व त्यानंतरच्या अशांततेत जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी व्यक्ती मृत्युमुखी पडल्या असून त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते. ब्रिटनचे १७९ आणि अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक प्राणास मुकले. वगळलेल्या काही शब्दांची ही किंमत आहे. म्हणून युद्धाचे कारण सांगणाऱ्या शासनास "हे खरे आहे काय?" एवढेच विचारून भागत नाही. "हे आपणास किती खात्रीने ठाऊक आहे, आणि आपले म्हणणे चूक ठरविणारा पुरावा कोणता असेल?" हे दोन प्रश्न संसदेने, वृत्तपत्रांनी व नागरिकांनी युद्धापूर्वीच विचारले पाहिजेत. चौकशी समित्यांची उत्तरे कितीही सखोल असली, तरी ती युद्ध होऊन गेल्यावरच हाती येतात.