पाओलो रॉसी एक नव्हे, अनेक

9 डिसेंबर 2020 रोजी इटलीचा विश्वविजेता फुटबॉलपटू पाओलो रॉसी वारला. त्याच नावाचे विज्ञानाचे एक मोठे इतिहासकार, एक माजी शिक्षणमंत्री आणि रोममधला एक विद्यार्थी हे त्याच्या आधीच गेले होते. त्याच नावाचा एक विनोदी नट तेव्हा इटलीच्या रंगभूमीवर नावाजलेला होता. नाव तेच, आडनाव तेच, आणि पाचही जण आपापल्या क्षेत्रात नोंद घ्यावी असे.

अशा वेळी सर्वांत प्रसिद्ध माणूस बाकीच्यांना झाकून टाकतो. नाव शोधायला जावं तर पहिली शंभर उत्तरं फुटबॉलची येतात. एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर जातं, एकाच्या मृत्यूच्या बातमीत दुसऱ्याचा फोटो छापला जाऊ शकतो. नामसाम्यातून होणारी ही गल्लत किरकोळ वाटते, पण जिच्यामुळे एखाद्याचं आयुष्यभराचं काम पुसलं जातं ती चूक किरकोळ म्हणता येणार नाही. म्हणून या नावाभोवतीचे काही गैरसमज नीट तपासून पाहू.

गैरसमज : विचेंझा क्लबच्या नावातला ‘रॉसी’ म्हणजे फुटबॉलपटू पाओलो रॉसी.

ही समजूत पटकन होते, कारण पाओलो रॉसी घडला तो खरोखर याच क्लबात. क्लबचं तेव्हाचं नाव ‘लानेरॉसी विचेंझा’ आणि खेळाडूंच्या छातीवर मोठं ‘आर’ हे अक्षर. रॉसीचे त्या जर्सीतले फोटो पाहिले की वाटतं, अक्षर त्याच्याच नावाचं असणार.

वस्तुस्थिती अशी की हे नाव लोकरीच्या गिरणीचं आहे. उत्तर इटलीतल्या स्कियो गावात फ्रांचेस्को रॉसी यांनी 1817 मध्ये लोकरीचा कारखाना काढला. त्यांचा मुलगा आलेस्सांद्रो रॉसी याने तो इतका वाढवला की देशातल्या मोठ्या उद्योगांत त्याची गणना होऊ लागली. कामगारांसाठी त्याने स्कियोत वेगळी वसाहतही उभारली. या कंपनीने 1953 मध्ये विचेंझाचा फुटबॉल क्लब हाती घेतला आणि क्लबला आपलं नाव दिलं. 1990 पर्यंत ते टिकलं. पाओलोचा जन्म 23 सप्टेंबर 1956 चा, तोही तोस्काना प्रांतातल्या प्रातो शहरातला. म्हणजे तो जन्मला तेव्हा क्लबच्या नावात ‘रॉसी’ येऊन तीन वर्षं झाली होती.

तिथे त्याने केलेली कामगिरी मात्र अजूनही थक्क करते. 1976-77 मध्ये दुसऱ्या श्रेणीत 21 गोल आणि क्लब वरच्या श्रेणीत. पुढच्याच हंगामात वरच्या श्रेणीत 24 गोल आणि क्लब थेट दुसऱ्या क्रमांकावर. तेव्हा त्याच्यावर विचेंझा आणि युव्हेंटस या दोन क्लबांची सामायिक मालकी होती. ती एकाकडे जाण्यासाठी 1978 मध्ये बंद लिफाफ्यांतून बोली लागली आणि विचेंझाने आपल्या ऐपतीबाहेर जाऊन, 2.6 अब्ज लिरांहून अधिक रक्कम लिहून, त्याला ठेवून घेतलं. एका वर्षात क्लब खाली घसरला आणि रॉसी पेरुजाकडे उसना गेला. तिथेच पुढचं संकट वाट पाहत होतं.

गैरसमज : 1982 चा विश्वचषक रॉसीने सुरुवातीपासून गाजवला.

स्पर्धेच्या पहिल्या चार सामन्यांत त्याचा एकही गोल नव्हता. इटलीचे गटातले तीनही सामने बरोबरीत सुटले होते, पोलंडशी 0-0, पेरू आणि कॅमेरूनशी 1-1. पुढे अर्जेंटिनाला 2-1 हरवलं, त्यातही रॉसीचा गोल नाही. प्रशिक्षक एन्झो बेआरझोत त्याला का खेळवतात, असा प्रश्न इटलीत उघडपणे विचारला जात होता. आणि त्या प्रश्नाला कारण होतं. सामना-निश्चितीच्या 1980 मधल्या प्रकरणात रॉसीवर तीन वर्षांची बंदी आली होती, अपिलात ती दोन वर्षांची झाली. वाद 30 डिसेंबर 1979 च्या आव्हेल्लिनो-पेरुजा सामन्याचा, जो 2-2 सुटला आणि ज्यात पेरुजाचे दोन्ही गोल रॉसीचे होते. आपण निर्दोष आहोत हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. इथे आणखी एक घोळ होतो. ही शिक्षा फुटबॉल महासंघाच्या शिस्तभंग यंत्रणेची होती, फौजदारी न्यायालयाची नव्हे. खेळातली फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा इटलीत 1989 मध्ये आला.

बंदी संपली तेव्हा हंगामाचे तीनच सामने उरले होते. तेवढ्या सरावावर बेआरझोत त्याला स्पेनला घेऊन गेले. 5 जुलै 1982 ला बार्सेलोनातल्या सारिया मैदानावर ब्राझीलविरुद्ध त्याने तीन गोल केले, इटली 3-2. उपांत्य फेरीत पोलंडविरुद्ध दोन. 11 जुलैला माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल त्याचाच, इटली 3-1. सहाच्या सहा गोल शेवटच्या तीन सामन्यांत. त्या वर्षीचा ‘बालों द’ऑर’ही त्याला मिळाला. बेआरझोत यांचा हट्ट नसता तर यातलं काहीच घडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : ‘फ्रान्सिस बेकन’वरचं पुस्तक लिहिणारे रॉसी हे कुणी फारसे माहीत नसलेले प्राध्यापक.

विज्ञानाच्या इतिहासात काम करणाऱ्यांना विचारलं तर ‘पाओलो रॉसी’ म्हणताच त्यांना फुटबॉल आठवणार नाही. हे रॉसी 1923 मध्ये उर्बिनोत जन्मले, फ्लोरेन्स विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ शिकवलं आणि 2012 मध्ये ते फ्लोरेन्समध्येच वारले. इंग्रज तत्त्वज्ञ बेकनवरचं त्यांचं पुस्तक 1957 चं. आधुनिक विज्ञान जादू, किमया आणि गूढविद्येला झटकून एका फटक्यात जन्मलं, हे चित्र त्यांनी पुसून टाकलं. बेकनने किमयागारांकडून निसर्गावर हात चालवण्याची आकांक्षा घेतली, पण त्यांची गुप्तता नाकारली. ज्ञान उघड असावं, अनेकांनी मिळून उभं करावं, हा त्याचा आग्रह, आणि रॉसींच्या मते खरा बदल तिथे आहे.

1960 मध्ये त्यांनी स्मरणकलेच्या परंपरेवर लिहिलं. 1962 च्या पुस्तकात त्यांनी कारागीर, खाणकामगार, यंत्र बनवणारे यांना तत्त्वज्ञांच्या शेजारी आणून बसवलं. हातांनी केलेल्या कामाला प्रतिष्ठा मिळाली नसती तर प्रयोगशील विज्ञान उभं राहिलं नसतं, ही त्यांची मांडणी आजही वाचावी अशी आहे. 1979 मध्ये पृथ्वीच्या वयाची कल्पना काही हजार वर्षांवरून कशी ताणली गेली, याचा इतिहास त्यांनी मांडला. 1985 मध्ये या क्षेत्रातलं मानाचं सार्टन पदक त्यांना मिळालं, 2009 मध्ये बाल्झान पारितोषिक. पुस्तकांवर नाव ‘पाओलो रॉसी’, पण बाल्झानच्या नोंदीत ‘पाओलो रॉसी मोंती’. ग्रंथालयात शोधताना ही दोन्ही रूपं पाहावीत.

मंत्री पाओलो रॉसी यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. जन्म 1900, पक्ष सोशल डेमोक्रॅटिक, 1955 ते 1957 शिक्षणमंत्री, 1975 मध्ये घटनात्मक न्यायालयाचे अध्यक्ष. इटलीच्या शिक्षणावरच्या जुन्या कागदपत्रांत ‘मंत्री रॉसी’ आले की ते हे. विनोदी नट पाओलो रॉसीचा जन्म 1953 चा, मोन्फाल्कोने गावचा. नाटककार दारिओ फो यांच्या नाटकातून तो पुढे आला आणि 1992 मध्ये ‘राय’ या इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या तिसऱ्या वाहिनीवरच्या ‘सू ला तेस्ता!’ कार्यक्रमाने घराघरांत पोचला.

गैरसमज : इटलीच्या विद्यापीठांतला रक्तपात 1968 नंतरचा.

हा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात 27 एप्रिल 1966 रोजी विद्यार्थी-निवडणुकांच्या वेळी नवफॅसिस्ट गटांनी डाव्या विचारांच्या मुलांवर हल्ला केला. वास्तुकलेचा समाजवादी विद्यार्थी पाओलो रॉसी याला त्यात मारहाण झाली. त्यानंतर तो साहित्य विद्याशाखेबाहेरच्या कठड्यावरून खाली कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. तो 19 वर्षांचा होता. विद्यार्थ्यांनी विद्याशाखा ताब्यात घेतल्या, प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि कुलगुरू उगो पापी यांना काही दिवसांतच पद सोडावं लागलं. या मृत्यूबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

1968 ची विद्यार्थी चळवळ समजून घ्यायची तर हे दोन वर्षं आधीचं पान वगळून चालत नाही. नेमकं तेच पान नावाच्या गर्दीत हरवतं. 1966 मध्ये फुटबॉलपटू रॉसी नऊ वर्षांचा शाळकरी मुलगा होता, एवढं वर्ष पाहिलं तरी गल्लत टळते.

गैरसमज : सगळे रॉसी एकमेकांचे नातलग.

रॉसी हे इटलीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव मानलं जातं. तांबूस केसांच्या किंवा लालसर कांतीच्या माणसाला गावाने दिलेलं हे टोपणनाव, आणि असे लोक शेकडो गावांत होते. प्रत्येक ठिकाणी आडनाव स्वतंत्रपणे रुजलं, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांनी ते पक्कं केलं. दक्षिणेत त्याचंच रूप ‘रुस्सो’ झालं. अमेरिकेत 1987 मध्ये जन्मलेल्या इटालियन फुटबॉलपटू ज्युसेप्पे रॉसीला पाओलोचा पुतण्या समजणारे भेटतात. नातं नाही. पाओलोला ‘पाब्लितो’ म्हणत, त्या धर्तीवर ज्युसेप्पेला ‘पेपितो’ हे नाव बेआरझोत यांनीच दिलं, म्हणून हा घोटाळा.

गैरसमज : एकाच घरात एकच नाव येणं म्हणजे कल्पनेचा अभाव.

दक्षिण इटलीत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. आजोबांना चार मुलगे असतील तर चार नातवांची नावं आणि आडनावं तंतोतंत तीच. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्याकडेही चालत आलेलं आहे, पण मराठी माणूस मध्ये वडिलांचं नाव लिहितो आणि चुलतभाऊ वेगळे ओळखू येतात. इटलीत ही सोय नाही. हयात वडिलांचं किंवा हयात भावंडाचं नाव बाळाला ठेवायला मात्र 2000 च्या नोंदणी नियमांनुसार बंदी आहे.

मग सरकार माणसं वेगळी कशी ओळखतं? 1973 पासून प्रत्येकाला सोळा अक्षरांचा करसंकेत असतो. आडनावातली तीन अक्षरं, नावातली तीन, मग जन्मवर्ष, महिन्याचं अक्षर, दिवस, जन्मगावाचा संकेत आणि शेवटी तपासणीचं अक्षर. स्त्रियांच्या बाबतीत जन्मदिवसात 40 मिळवतात. सगळ्या पाओलो रॉसींची पहिली सहा अक्षरं सारखीच, पुढे जन्मतारीख आणि गाव त्यांना वेगळं करतात. एकाच गावात एकाच दिवशी दोन पाओलो रॉसी जन्मले, तर करखातं संकेतातल्या अंकाच्या जागी ठरलेलं अक्षर घालून त्यांना वेगळं करतं.

2022 मध्ये घटनात्मक न्यायालयाने आपोआप वडिलांचंच आडनाव देण्याची रीत रद्द केली. पालकांनी एकमताने दुसरं काही ठरवलं नाही तर बाळाला आता दोघांचीही आडनावं मिळतात. हे तेच न्यायालय, ज्याचे अध्यक्ष एकेकाळी पाओलो रॉसी होते. यापुढे जन्मणाऱ्या पाओलोंपैकी बरेच जण त्या इतिहासकारासारखे ‘रॉसी मोंती’ किंवा ‘रॉसी’च्या जोडीला आणखी एखादं आडनाव घेऊन सरकारी नोंदीत येतील.