यु-१८० : प्रशिक्षणाच्या ताफ्यापासून मादागास्करच्या समुद्रापर्यंत

प्रास्ताविक

देवास जिल्ह्यातील हाटपिपल्यासारख्या माळव्याच्या गावात विद्यार्थ्याला समुद्र भेटतो तो नकाशावरच. अशा वर्गात नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या १९४३ मधील प्रवासाचा विषय बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. नेताजी जर्मनीहून पाणबुडीने निघाले आणि पुढे त्यांनी आझाद हिंद सेनेचे नेतृत्व स्वीकारले. ती पाणबुडी कोणती होती, तिचे खलाशी कितपत तयार होते, नेताजींसोबत दुसरा भारतीय कोण होता, हे प्रश्न तसेच राहतात. त्यामुळे हा प्रवास एकतर चमत्कार वाटतो, नाहीतर साहसकथा. प्रस्तुत लेखात या पाणबुडीच्या सेवेचा आरंभापासून अखेरपर्यंत आढावा घेतला आहे. तो पाहिल्यावर त्या प्रवासातील धोक्याचे खरे मोजमाप करता येते.

बांधणी व प्रशिक्षण

'यु-१८०' ही पाणबुडी ब्रेमेन येथील गोदीत बांधली गेली आणि १६ मे १९४२ रोजी जर्मन नौदलात दाखल झाली. वेर्नर मूझेनबर्ग हे तिचे पहिले कप्तान होते. दाखल झाल्यावर तिला लगेच युद्धावर पाठवले गेले नाही. जानेवारी १९४३ अखेरपर्यंत ती स्टेटिन (आजचे पोलंडमधील श्चेचिन) येथील चौथ्या ताफ्यात होती. हा ताफा प्रशिक्षणाचा होता.

नवी पाणबुडी आणि नवे खलाशी यांना एकमेकांची सवय व्हावी, हा या प्रशिक्षणाचा हेतू असे. झटपट बुडी मारणे, पाण्याखाली तोल सांभाळणे, टॉर्पेडो म्हणजे पाणतीर सोडणे आणि यंत्रात बिघाड झाल्यास तो अंधारात दुरुस्त करणे यांचा सराव बाल्टिक समुद्रात करून घेतला जाई. ब्रिटिश विमानांपासून तो समुद्र तुलनेने सुरक्षित होता. मात्र तो उथळ असून त्याचे पाणी कमी खारट आहे. महासागराच्या अधिक खारट, म्हणजेच अधिक घनतेच्या पाण्यात पाणबुडीचा तोल निराळ्या हिशेबाने सांभाळावा लागतो. शिवाय थंड बाल्टिकमध्ये उष्ण कटिबंधातील उकाड्याची परीक्षा होणे शक्यच नव्हते.

यंत्रांची अडचण

ही परीक्षा महत्त्वाची होती, कारण यु-१८० ची रचना प्रायोगिक होती. 'नऊ-डी-१' या उपप्रकाराच्या दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या : यु-१८० आणि यु-१९५. सुमारे ८७ मीटर लांबीच्या या पाणबुडीत वेगवान टॉर्पेडो-नौकांसाठी बनवलेली सहा डिझेल इंजिने बसवली होती. त्यामुळे पृष्ठभागावर तिला ताशी सुमारे २० सागरी मैलांचा वेग मिळे. परंतु ही इंजिने लवकर तापत आणि फार धूर सोडत. त्या काळी पाणबुडी बहुतांश प्रवास पृष्ठभागावर डिझेलवर करी व पाण्याखाली बॅटरीवर चाले. लपणे हेच जिचे बळ, तिच्यामागे धुराचा पट्टा दिसणे ही गंभीर उणीव होती.

पहिली मोहीम

९ फेब्रुवारी १९४३ रोजी यु-१८० कील बंदरातून निघाली. ही तिची पहिलीच मोहीम होती. बाल्टिकमधील सुमारे साडेआठ महिन्यांचा सराव, एवढीच पाणबुडीच्या अनुभवाची शिदोरी होती. तिच्यात दोन भारतीय प्रवासी होते : नेताजी आणि हैदराबादचे आबिद हसन. शिक्षणासाठी जर्मनीस गेलेले हसन तेथे नेताजींचे सहकारी व सचिव झाले होते. 'जय हिंद' या अभिवादनाचे श्रेयही सामान्यतः त्यांना दिले जाते.

ब्रिटनला उत्तरेकडून वळसा घालून पाणबुडी अटलांटिकमध्ये उतरली आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा देऊन हिंदी महासागरात आली. १८ एप्रिल रोजी तिने 'कॉर्बिस' हे ८,१३२ टनी ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले. त्यावरील बहुतेक खलाशी मृत्युमुखी पडले. दोघे भारतीय तेव्हा पाणबुडीतच होते. स्वातंत्र्याच्या हेतूने केलेला हा प्रवास नाझी जर्मनीच्या युद्धयंत्राच्या आत बसून झाला, ही वस्तुस्थिती वर्गात टाळण्याचे कारण नाही. ती सांगितल्याने प्रवाशांचा हेतू कमी ठरत नाही. त्यांच्यापुढील पेच मात्र कळतो.

मादागास्करच्या आग्नेयेस जपानी पाणबुडी 'आय-२९' भेटली. समुद्र खवळलेला असल्याने वाट पाहावी लागली. अखेर २८ एप्रिल रोजी नेताजी व हसन रबरी तराफ्यावरून जपानी पाणबुडीवर पोहोचले. कील सोडून ७८ दिवस झाले होते. दोन जपानी नौदल अधिकारी यु-१८० वर आले आणि सुमारे दोन टन सोनेही जर्मन बाजूकडे देण्यात आले. आय-२९ ने दोघा भारतीयांना सुमात्राजवळील साबांग येथे उतरवले.

अखेर

परतीच्या वाटेवर, ३ जून रोजी, यु-१८० ने 'बोरिस' हे ग्रीक जहाज बुडवले आणि जुलैच्या आरंभी ती फ्रान्समधील बोर्दो येथे पोहोचली. पुढे तिची सदोष इंजिने बदलण्यात आली आणि तिला मालवाहू पाणबुडीचे रूप देण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये जपानच्या दिशेने निघालेली यु-१८० बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली. तिच्यावरील सर्व ५६ जण बुडाले. ती पाणसुरुंगाने फुटली, असे पूर्वी मानले जाई; पाण्याखालून हवा घेणाऱ्या नळीतील बिघाड हे कारण अलीकडे अधिक संभवनीय मानले जाते. त्याच्या सुमारे चार आठवडे आधी, २६ जुलै रोजी, आय-२९ हीदेखील अमेरिकन पाणबुडी 'सॉफिश'च्या हल्ल्यात बुडाली होती.

निष्कर्ष

ज्या दोन पाणबुड्यांनी हा प्रवास घडवला, त्या दोन्ही सव्वा वर्षाच्या आसपास समुद्राच्या तळाशी गेल्या. न कसलेली रचना, धूर सोडणारी इंजिने आणि पहिल्याच मोहिमेवरील खलाशी, हे सारे ध्यानात घेतल्यास प्रवास सुखरूप पार पडणे गृहीत धरण्यासारखे नव्हते, हे स्पष्ट होते. तो धोका दोघांनी सारखाच पत्करला होता. आबिद हसन पुढे आझाद हिंद सेनेच्या इंफाळ आघाडीवर गेले, स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र सेवेत डेन्मार्कमधील राजदूत झाले आणि १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्गात नकाशावर कील ते साबांग ही रेषा आखताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तिच्यावर तीन तारखा लिहून घ्याव्यात : ९ फेब्रुवारी, १८ एप्रिल आणि २८ एप्रिल. आणि प्रवाशांची नावे लिहिताना दोन लिहावीत, एक नव्हे.