क्लाउड घ्यायचा, पण टेंडर जुनंच? सरकारी खरेदीत काय बदलायला हवं

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. लाखो विद्यार्थी एकाच वेळी वेबसाइट उघडतात. आठवड्याभरात तिथली गर्दी ओसरते. एवढ्यासाठी सर्व्हर विकत घेतले, तर उरलेलं वर्ष ते रिकामेच राहतात. क्लाउडवर हीच क्षमता भाड्याने मिळते. गरजेनुसार वाढवा, कमी करा, वापराचे पैसे भरा.

महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्येच सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं.

मग अडचण कुठे आहे?

नेहमीचं टेंडर वस्तूंसाठी असतं. इतके नग हवेत, सर्वात कमी बोली कुणाची, माल घ्या, बिल चुकवा. क्लाउडचं बिल मात्र विजेच्या बिलासारखं दर महिन्याला बदलतं. शिवाय सर्व्हर घेणं हा भांडवली खर्च, तर क्लाउडचं बिल महसुली खर्च. म्हणजे बजेटमध्ये तरतूदही वेगळी करावी लागते.

काय बदलायला हवं?

१. नगांऐवजी दर ठरवा. प्रत्येक सेवेचा दर करारात हवा. त्यासोबत महिन्याच्या खर्चाची मर्यादा आणि ती जवळ आली की इशारा मिळण्याची सोय हवी. नाहीतर कुणी बंद करायला विसरलेला सर्व्हरही बिल वाढवत राहतो.

२. तपासलेली कंपनी निवडा. केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय एसटीक्यूसीच्या ऑडिटनंतर क्लाउड कंपन्यांची यादी करतं. यादीतल्या सेवा सरकारी खात्यांना जेम पोर्टलवरून घेता येतात. डेटा भारतातच ठेवण्याची अट त्यात असते.

३. जबाबदारी लिहून घ्या. डेटा सेंटरची इमारत आणि यंत्रं कंपनी सांभाळते. पण कुणाला काय दिसावं, पासवर्ड कुणाकडे असावा, हे खात्यालाच बघावं लागतं. ‘क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हा गैरसमज महागात पडतो.

४. बाहेर पडायची वाट ठेवा. कंपनी बदलताना डेटा बाहेर काढायलाही पैसे पडू शकतात. युरोपीय महासंघाच्या डेटा कायद्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून कंपनी बदलण्याचं शुल्क आकारता येणार नाही. आपल्याकडे खात्यांनी डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल आणि नंतर तो कसा पुसला जाईल, हे सुरुवातीलाच करारात घालावं.

तुमचा काय संबंध?

गुणपत्रिका, सातबारा, दवाखान्यातली नोंद, ही माहिती तुमची आहे. बिलही तुमच्याच करातून जातं. त्यामुळे एखादं खातं ‘आम्ही क्लाउडवर गेलो’ असं सांगेल, तेव्हा करारात काय लिहिलंय हेही विचारा.