मध्यम आकारमानाची फिल्म आणि कोरीव लेखांचे छायाचित्रण

प्राचीन मराठीच्या अभ्यासकाला कोरीव लेख बहुधा ठशावरून किंवा छायाचित्रावरून वाचावा लागतो. मूळ शिळेसमोर निवांत बसण्याची संधी थोड्यांनाच मिळते. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून या सामग्रीचा भाषिक अभ्यास पुष्कळ सुकर झाला आहे. तथापि एखाद्या पाठाविषयी शंका उत्पन्न झाली की पुन्हा मूळ साधनाकडेच वळावे लागते. ‘केले’ आणि ‘केलें’ या दोन रूपांचेच उदाहरण घ्या. पहिले पुल्लिंगी अनेकवचन होय, दुसरे नपुंसकलिंगी एकवचन. शिळेवर दिसणारा बिंदू कोरलेला अनुस्वार आहे की दगडाचा टवका उडून पडलेला खळगा आहे, यावर लिंगवचनाचा निर्णय अवलंबून राहतो. व्याकरणाचा असा निर्णय ज्या चित्रावर उभा राहावयाचा, ते चित्र कसे घेतले गेले याची माहिती भाषाभ्यासकाला असणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत टिपणात मध्यम आकारमानाच्या, म्हणजे ज्याला व्यवहारात मीडियम फॉरमॅट म्हणतात त्या फिल्मवर, कोरीव लेखांचे छायाचित्रण कसे आरंभावे याचे विवेचन करावयाचे आहे. डिजिटल कॅमेरा सर्वत्र उपलब्ध असताना फिल्मकडे का वळावे, हा प्रश्न रास्त आहे. संपूर्ण लेखाची द्रुत नोंद डिजिटल कॅमेऱ्यानेच करावी, याविषयी दुमत नाही. फिल्मचे मोल दोन गोष्टींत आहे. निगेटिव्ह ही हातात धरता येणारी मूळ वस्तू असते. भिंगाखाली ठेवून ती कोणालाही तपासता येते. शिवाय एका रिळात मोजकीच चित्रे निघत असल्यामुळे चित्र घेण्यापूर्वी लेख वाचावा लागतो, आणि कोणती अक्षरे संशयास्पद आहेत हे आधी ठरवावे लागते. ही सवय विद्यार्थ्याला उपकारक ठरते.

या फिल्मला ‘१२०’ असे नाव आहे. कोडॅक कंपनीने ती १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी जातीच्या एका कॅमेऱ्यासाठी काढली आणि ती आजही तयार होते. तिची रुंदी सुमारे ६१ मिलिमीटर असून तिच्यामागे प्रकाश अडविणारा कागद असतो. एकाच रिळात कॅमेऱ्यानुसार ६×६ सेंटिमीटरची १२, ६×७ ची १० किंवा ६×९ ची ८ चित्रे निघतात. ६×६ चौकटीचे प्रत्यक्ष माप ५६×५६ मिलिमीटर भरते. म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या २४×३६ मिलिमीटर चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक क्षेत्रफळ मिळते.

याचा अक्षरावर होणारा परिणाम प्रत्यक्ष आकड्यांनी पाहू. शिळेचा ६० सेंटिमीटर चौरस भाग चित्रात घ्यावयाचा आहे आणि अक्षराची उंची ३ सेंटिमीटर आहे, असे समजा. ३५ मिलिमीटर फिल्मवर त्या अक्षराची प्रतिमा १.२ मिलिमीटर उंच उमटेल. ६×६ च्या निगेटिव्हवर ती २.८ मिलिमीटर होईल. अनुस्वारासारखे सूक्ष्म चिन्ह फिल्मच्या कणांत हरवण्याचा संभव त्या प्रमाणात कमी होतो.

प्रारंभासाठी दोन भिंगांचा, म्हणजे ट्विन लेन्स रिफ्लेक्स जातीचा कॅमेरा सोयीचा पडतो. ब्राउनश्वाइग येथे तयार होणारा रोलीफ्लेक्स १९२९ मध्ये बाजारात आला आणि पुढे यॅशिका, मामिया इत्यादींनी त्याच धर्तीचे कॅमेरे काढले. आज ते जुन्या बाजारातूनच घ्यावे लागतात. म्हणून खरेदीपूर्वी मागचे झाकण उघडून भिंगातून उजेडाकडे पाहावे. दमट हवेत राहिलेल्या भिंगांत बुरशीचे जाळे आढळते. शटर एक सेकंदावर लावून त्याचा आवाज ऐकावा. ते मध्येच अडखळत असेल तर दुरुस्तीचा खर्च गृहीत धरावा.

या कॅमेऱ्यात वरच्या भिंगाची प्रतिमा दुधी काचेवर पडते, ती सरळ उभी परंतु डावी-उजवी उलटलेली असते. काचेवर अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. तेथे लेख वाचण्याचा प्रयत्न करू नये, केवळ रेषांची स्पष्टता पाहावी. दुसरी अडचण जवळच्या अंतराची. बहुतेक कॅमेरे सुमारे एक मीटरपर्यंतच स्पष्टता साधतात. ८० मिलिमीटरच्या भिंगाने त्या अंतरावरून साधारण ६० सेंटिमीटर चौरस भाग चौकटीत येतो. त्याहून जवळ जावयाचे असल्यास जोडभिंग लागते. पाहण्याचे भिंग वर आणि चित्र घेण्याचे खाली असल्यामुळे, चौकट ठरविल्यावर दोन्ही भिंगांच्या मध्यांतील अंतराइतका कॅमेरा वर उचलावा. अन्यथा वरची ओळ कापली जाते.

फिल्म भरताना थेट उन्हात उभे राहू नये. कागदाचे टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत घालावे, कागदावरील बाण कॅमेऱ्यातील खुणेशी जुळेपर्यंत कळ फिरवावी आणि मग झाकण लावावे. चित्रे संपल्यावर संपूर्ण कागद गुंडाळून घ्यावा व चिकटपट्टीने रीळ घट्ट बंद करावे. रीळ सैल राहिल्यास कडेने प्रकाश शिरतो.

आता मुख्य विषय प्रकाशाचा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात उथळ कोरीव अक्षर जवळजवळ अदृश्य होते. शिळेच्या पृष्ठाला घसटून जाणारा तिरपा प्रकाश असेल तरच खाचेच्या एका काठाची सावली खाचेत पडते आणि अक्षर उठून दिसते. परंतु हा प्रकाश पक्षपाती असतो. त्याच्या दिशेला आडव्या असणाऱ्या खाचा ठळक होतात आणि समांतर असणाऱ्या पुसट होतात. प्रकाश बाजूने आला तर काना व दंड स्पष्ट दिसतात, शिरोरेषा मावळते. वरून आला तर शिरोरेषा उठते आणि काना क्षीण होतो. एकाच दिशेच्या प्रकाशातील एका चित्रावरून ‘येथे काना नाही’ असे विधान करणे म्हणूनच धोक्याचे आहे. प्रत्येक संशयास्पद जागेची किमान दोन चित्रे परस्परांशी काटकोन करणाऱ्या दिशांच्या प्रकाशात घ्यावीत.

दक्षिणाभिमुख शिळेवर सकाळचा प्रकाश वाचकाच्या उजवीकडून येतो व सायंकाळचा डावीकडून. मार्चच्या अखेरीस दुपारी तो वरून घसटत उतरतो. लेणीत किंवा मंडपात साध्या आरशाने ऊन वळवून हवी ती दिशा मिळविता येते. प्रकाश खालून घेतल्यास मात्र कोरलेली अक्षरे उठावाची भासू लागतात, कारण आपली दृष्टी वरून येणाऱ्या प्रकाशाला सरावलेली असते.

बिंदूचा प्रश्न येथे सुटण्याच्या मार्गाला लागतो. त्याच लेखातील एखादा निःसंशय अनुस्वार त्याच चौकटीत घ्यावा आणि दोन्ही बिंदूंच्या सावल्या ताडून पाहाव्यात. सावलीची लांबी खोलीची निदर्शक असते. छिन्नीने केलेल्या बिंदूचा काठ व खोली लेखातील इतर बिंदूंशी जुळते. टवका उडालेली जागा बहुधा उथळ व वेड्यावाकड्या काठाची असते. झिजलेल्या लेखांत ही तुलना अधिकच आवश्यक ठरते. पंढरपूरचा शके ११९५ ते ११९९ या काळातील ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ भाविकांनी श्रद्धेने पाठ घासल्यामुळे झिजला आहे. अशा ठिकाणी मूळ खोलीचा फारच थोडा अंश शिल्लक असतो.

फिल्म मंदगतीची, आयएसओ १०० किंवा १२५ ची, कृष्णधवल घ्यावी. भिंगाचे छिद्र एफ ११ किंवा एफ १६ वर ठेवावे. मोठ्या चौकटीत स्पष्टतेची खोली कमी असते. म्हणून कॅमेऱ्याची पाठ शिळेला समांतर असावी. भर उन्हात एफ १६ आणि १/१२५ सेकंद हे आयएसओ १२५ च्या फिल्मचे स्थूल प्रमाण होय. परंतु तिरप्या प्रकाशात शिळेवर पोहोचणारा उजेड पुष्कळ कमी असल्यामुळे प्रकाशमापकाने शिळेवरच मोजणी करावी. ज्या खाचेतील तपशील हवा आहे ती सावलीत असते. तेव्हा निगेटिव्हला प्रकाश थोडा अधिक मिळाला तर चालतो, कमी पडला तर तपशील कायमचा जातो. लेणीतील मोजणी एक सेकंदाच्या पलीकडे गेल्यास फिल्मची संवेदनक्षमता घटते. उत्पादकाच्या तक्त्यानुसार वेळ वाढवावा. तिवई व केबल रिलीज अपरिहार्य आहेत. संरक्षित स्मारकात तिवई लावण्याची परवानगी आधीच मिळवावी. अक्षरांत खडू, तेल किंवा रंग भरू नये. त्याने शिळेची हानी होते, आणि चित्रात भरणाऱ्याचे वाचन उमटते, कोरणाऱ्याचे अक्षर उमटत नाही.

प्रत्येक चौकटीसाठी वहीत रीळ व चित्राचा क्रमांक, ओळ व अक्षर, वेळ, प्रकाशाची दिशा, छिद्र आणि शटर यांची नोंद करावी. चौकटीच्या कडेला मोजपट्टी ठेवावी. फिल्म धुताना रसायनाचे तापमान २० अंश सेल्सिअस राखावे. आपल्याकडील उन्हाळ्यात त्यासाठी बर्फाच्या पाण्यात भांडी ठेवावी लागतात. वाळलेली निगेटिव्ह कोरड्या जागी, आम्लरहित पाकिटात, वहीतील क्रमांकासह ठेवावी.

पहिले रीळ दूरच्या लेखासाठी खर्च करू नये. गावातील एखादा वीरगळ किंवा पायरीवरचा लेख निवडावा, त्याची बारा चित्रे सकाळी, दुपारी व सायंकाळी विभागून घ्यावीत आणि ती एकमेकांशेजारी मांडून अक्षरे लिहून काढावीत. तिन्ही वेळांची वाचने जेथे जुळत नाहीत, त्या जागांची यादी करून पुन्हा शिळेकडे जावे. पाठ प्रसिद्ध करताना ज्या अक्षराचा निर्णय ज्या निगेटिव्हवरून केला तिचा क्रमांक व प्रकाशाची दिशा द्यावी, म्हणजे पुढील अभ्यासकाला तोच पुरावा पडताळून पाहता येईल.