मे महिन्यातली सकाळची शाळा

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ च्या आसपास. त्यामुळे चर्चची ‘व्हीबीएस’, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, सकाळीच का उरकतात हे तुम्हाला सांगायला नको. कल्पना मूळची अमेरिकेतली. १८९८ साली एलायझा हॉज बाईंनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी भाड्याच्या हॉलमध्ये ती चालवली. (हॉल बिअरचा होता बरं का!)

खान्देशात तिचं काम वेगळं आहे, असं मला वाटतं. पूर्वेला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आणि पश्चिमेला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन, यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या इथल्या मंडळ्या छोट्या, विखुरलेल्या. म्हणून किती वचनं पाठ झाली हे मोजू नका. सतरंजीवर कोण कोणाशेजारी बसलंय ते बघा. वर्षभर आपल्या वर्गात एकटंच ख्रिस्ती असलेलं पोर इथे गर्दीत बसतं.